रंग उडाला, पुढे काय?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला अधूनमधून येतो. गेली काही वर्षे तिथे एक प्रयोग हमखास दिसतो. पोटॅशियम परमँगनेटचे पातळ, आम्लयुक्त, जांभळे द्रावण चार परीक्षानळ्यांत घेतलेले असते. एकीत चहाचा अर्क, दुसरीत कांद्याच्या सालींचा अर्क, तिसरीत आवळ्याचा रस आणि चौथीत लिंबाचा रस थेंबाथेंबाने टाकतात. रंग जाईपर्यंत किती थेंब लागले ते मोजतात. मागच्या तक्त्यावर दोन वाक्ये असतात. ‘ज्याचे थेंब कमी लागले त्यात अँटिऑक्सिडंट जास्त. अँटिऑक्सिडंट जितके जास्त, तितका हृदयविकाराचा धोका कमी.’

प्रयोग स्वस्त आहे, देखणा आहे, मुलांनी स्वतः केलेला असतो. मीही त्याला बक्षीस दिले आहे. एकदा बक्षीस मिळालेल्या गटातल्याच एका मुलीने मला विचारले, ‘‘सर, हा अर्क प्यायल्यावर रक्तात असाच जातो का?’’ समारंभाची घाई होती. ‘‘हो, बराचसा जातो,’’ असे सांगून मी मोकळा झालो.

माझे उत्तर चुकीचे होते. मुलीचा प्रश्न मात्र अचूक होता. तक्त्यावरचे पहिले वाक्य आणि दुसरे वाक्य यांच्यामध्ये जी मोठी दरी आहे, तिच्यावरच तिने बोट ठेवले होते. गंमत अशी, की ही दरी केवळ शाळकरी प्रयोगांत नाही. मोठमोठ्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांतही ती होती. या लेखात त्या आकड्यांची झडती घ्यायची आहे.

परीक्षानळीत नेमके काय मोजले?

आधी पहिले वाक्य तपासू. परमँगनेट हा तीव्र ऑक्सिडीकारक आहे. त्याला इलेक्ट्रॉन देणारा कोणताही पदार्थ भेटला, की त्याचा जांभळा रंग जातो. म्हणजे रंग उडाला याचा अर्थ एवढाच, की नळीत क्षपणकारक पदार्थ होता.

आता बारावीच्या प्रयोगशाळेत चला. तिथे आपण परमँगनेटचे अनुमापन कशाने करतो? ऑक्झॅलिक आम्लाने आणि मोहरच्या क्षाराने. कोमट ऑक्झॅलिक आम्ल परमँगनेटचा रंग झटक्यात घालवते. मग ते उत्तम अँटिऑक्सिडंट म्हणून प्यावे का? ते विषारी आहे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मोहरच्या क्षारातले फेरस लोह तर त्याहून बोलके उदाहरण आहे. परमँगनेटच्या नळीत ते क्षपणकारक म्हणून पहिला नंबर पटकावील. पण तेच मोकळे फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात आले, की त्यातून हायड्रॉक्सिल हा अत्यंत विध्वंसक मुक्तमूलक तयार होतो. याला फेंटनची अभिक्रिया म्हणतात. एकच पदार्थ एका नळीत ‘रक्षक’ आणि दुसऱ्या नळीत ‘भक्षक’ ठरतो. पदार्थाचा गुण सांगताना तो कुठे, कोणाबरोबर आणि किती प्रमाणात आहे, हे सांगावेच लागते.

संशोधन प्रयोगशाळांतल्या चाचण्या यापेक्षा सुधारलेल्या असतात, पण जातकुळी तीच. मी स्वतः काही वर्षे वनस्पतींचे अर्क डीपीपीएच नावाच्या गडद जांभळ्या द्रावणात मिसळून ते पिवळे कधी पडते, हे मोजत होतो. निबंधाच्या शेवटी ‘म्हणून ही वनस्पती हृदयरोगावर उपयुक्त ठरू शकेल’ असे वाक्य लिहिण्याची पद्धत होती. मीही ते लिहिले. डीपीपीएच हा पदार्थ मानवी शरीरात कुठेही आढळत नाही, याचा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

लवंगेचा पहिला नंबर

अशाच एका चाचणीचे नाव ‘ऑरॅक’. ती १९९३ साली अमेरिकेतल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. नळीत एक चमकणारा पदार्थ ठेवायचा, त्याच्यावर मुक्तमूलकांचा मारा करायचा आणि अन्नाचा अर्क त्याची चमक किती वेळ टिकवतो ते मोजायचे. चाचणी म्हणून तिच्यात खोट नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ साली शेकडो खाद्यपदार्थांचे ऑरॅक आकडे एका तक्त्यात प्रसिद्ध केले आणि २०१० साली त्याची सुधारित आवृत्ती काढली.

आकडे १०० ग्रॅम पदार्थामागे दिलेले होते. सफरचंदाचा आकडा तीन हजारांच्या आसपास, कच्च्या कांद्याचा हजाराच्या आसपास. आणि लवंग, दालचिनी, हळद यांचे आकडे लाखाच्या पुढे! वाळलेल्या मसाल्यात पाणी जवळजवळ नसते, म्हणून आकडा फुगतो. पण १०० ग्रॅम लवंगा कोण खातो? मसालेभाताला चार लवंगा पुरतात. तक्ता वाचताना ‘किती खाल्ले’ हा पहिलाच प्रश्न गळून पडला होता. व्यापाऱ्यांना तो गळायलाच हवा होता. रसाच्या बाटल्यांवर आणि गोळ्यांच्या डब्यांवर ऑरॅकचे आकडे झळकू लागले.

आता दुसरा प्रश्न, जो त्या मुलीने विचारला होता. खाल्ल्यावर पुढे काय?

कांद्याचा प्रवास

उदाहरणासाठी आपण आपला कांदाच घेऊ. त्यात क्वेर्सेटिन नावाचा फ्लेव्होनॉइड असतो. १०० ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ५० मिलिग्रॅम, आणि बाहेरच्या पापुद्र्यांत अधिक. फ्लेव्होनॉइड ही वनस्पतींतल्या हजारो संयुगांची मोठी जमात आहे. सर्वांचा सांगाडा एकच: पंधरा कार्बन अणू, दोन षट्‌कोनी कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा पूल. क्वेर्सेटिनच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारीशेजारी बसलेले असतात. परीक्षानळीत इलेक्ट्रॉन देण्याचे काम मुख्यतः ही जोडी करते. ही जोडी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा तिचीच आहे.

कांद्यात क्वेर्सेटिन एकटे नसते. त्याला ग्लुकोज चिकटलेले असते. असा साखर चिकटलेला रेणू आतड्यात शोषला जाणार नाही, असे पूर्वी मानत. १९९५ साली नेदरलँड्समधल्या हॉलमन व सहकाऱ्यांनी हा समज तपासला. मोठे आतडे काढून टाकावे लागलेल्या, पण एरवी निरोगी अशा नऊ जणांना त्यांनी क्वेर्सेटिन दिले आणि लहान आतड्यातून बाहेर पडणाऱ्या द्रवात ते किती उरले हे मोजले. कांद्यातले ५२ टक्के, साखरेविना दिलेले २४ टक्के, तर रुटिन या दुहेरी साखर असलेल्या रूपातले १७ टक्के शोषले गेले, असा त्यांचा हिशेब निघाला. साखर अडथळा ठरण्याऐवजी ग्लुकोज मदतच करत होते.

प्रयोग गाजला, आणि तो चांगलाच होता. पण त्यात काय मोजले होते, ते नीट पाहा. आत गेलेल्यातून बाहेर आलेले वजा केले. जे नाहीसे झाले ते ‘शोषले’ असे धरले. नाहीसे झालेले क्वेर्सेटिन रक्तात क्वेर्सेटिन म्हणूनच पोचले का, हे या वजाबाकीतून कळत नाही. ते कळायला पुढची काही वर्षे लागली.

त्या संशोधनातून उभे राहिलेले चित्र असे आहे. लहान आतड्याच्या अस्तरावर दुधातली साखर फोडणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. तेच क्वेर्सेटिनचे ग्लुकोज तोडते. मोकळे झालेले क्वेर्सेटिन अस्तराच्या पेशीत शिरते. तिथे आणि पुढे यकृतात त्याच्या हायड्रॉक्सिल गटांवर टोप्या चढवल्या जातात. काही गटांवर ग्लुकुरॉनिक आम्लाची टोपी, काहींवर सल्फेटची, तर शेजारीशेजारी बसलेल्या त्या जोडीपैकी एकावर मिथिल गटाची. काही रेणू तर पेशीतून उलट आतड्यात फेकले जातात.

शरीर हे का करते? कारण त्याच्या लेखी क्वेर्सेटिन हा परका पाहुणा आहे. तापासाठी आपण पॅरासिटॅमॉल घेतो, तेव्हाही बहुतांश रेणूंवर ग्लुकुरॉनिक आम्लाची किंवा सल्फेटची टोपी चढते आणि ते मूत्रावाटे बाहेर जातात. फ्लेव्होनॉइडांची वासलात शरीर त्याच वाटेने लावते. कांदा खाल्ल्यानंतर रक्तात आढळतात ती मुख्यतः ही टोपीवाली रूपे. मोकळे क्वेर्सेटिन जवळजवळ नसतेच. आणि टोपी ज्या गटांवर चढते, त्यांतलेच काही परीक्षानळीत इलेक्ट्रॉन देत होते. त्यामुळे रूपांतरित रेणूंची अँटिऑक्सिडंट शक्ती बहुधा घटते.

लहान आतड्यात न शोषलेला भाग मोठ्या आतड्यात जातो. तिथले जीवाणू मधला पूल फोडून फ्लेव्होनॉइडाचे छोटे फिनॉलिक आम्लांत तुकडे करतात. म्हणूनच कांदा खाल्ल्यावर क्वेर्सेटिनची रूपे रक्तात तासाभराच्या आतबाहेर कमाल पातळी गाठतात, तर रुटिनच्या बाबतीत सहा ते नऊ तास लागू शकतात; त्याला जीवाणूंची वाट पाहावी लागते. या तुकड्यांपैकी काहींचा शेवट हिप्युरिक आम्लात होतो. १८२९ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने घोड्याच्या मूत्रातून वेगळे ओळखून नाव दिलेले हे आम्ल. चारा खाणाऱ्या घोड्याचा आणि कांदा खाणाऱ्या माणसाचा हिशेब इथे एका ठिकाणी येतो.

हे जीवाणू माणसागणिक वेगळे असतात. सोयाबीनमधल्या डेडझीन या फ्लेव्होनॉइडापासून इक्वॉल नावाचे संयुग काहींच्या आतड्यात बनते, काहींच्या बनतच नाही. ताट एकच, पण रक्तात पोचणारे पदार्थ वेगळे.

एक गणित आणि पाच सफरचंदे

आता वर्गात करता येईल असे गणित. फ्लेव्होनॉइडयुक्त जेवणानंतर रक्तद्रवातली त्यांची पातळी सहसा लिटरला १ मायक्रोमोलच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. क्वेर्सेटिनचा रेणुभार ३०२. म्हणजे १ मायक्रोमोल बरोबर सुमारे ०.३ मिलिग्रॅम. आपल्या रक्तात निसर्गतः असणारे युरिक आम्ल हेही क्षपणकारक आहे. त्याची पातळी लिटरला ३०० मायक्रोमोल धरू. रेणुभार १६८, म्हणून सुमारे ५० मिलिग्रॅम. शिवाय ‘क’ जीवनसत्त्व असतेच. एका फ्लेव्होनॉइड रेणूमागे युरिक आम्लाचे तीनशे रेणू आधीच हजर आहेत. त्या जत्रेत एकाने भर घातली तर एकूण शक्ती कितीशी वाढणार?

तरीही सफरचंदासारखी फळे खाल्ल्यावर रक्तद्रवाची एकूण अँटिऑक्सिडंट शक्ती वाढलेली दिसते, असे निष्कर्ष येत होते. हे कसे? २००४ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठातील लोटिटो आणि फ्राय यांनी याचा छडा लावला. त्यांनी सहा निरोगी व्यक्तींना पाच-पाच सफरचंदे खायला दिली. रक्तद्रवाची शक्ती वाढली. मग दुसऱ्या वेळी त्याच व्यक्तींना सफरचंदात जेवढी फळसाखर असते तेवढी, म्हणजे नुसते फ्रुक्टोज, पाण्यातून दिले. शक्ती तशीच वाढली! यकृतात फ्रुक्टोजचा चयापचय होताना युरिक आम्ल वाढते, आणि मापक यंत्राने दाखवलेली वाढ त्याची होती. श्रेय मात्र फ्लेव्होनॉइडांना मिळत होते.

या प्रयोगात महागडे काही नाही. शंका एकच: ‘हे दुसऱ्या कशामुळे झाले असेल का?’ आणि ती तपासण्यासाठी योग्य तुलना. नियंत्रित प्रयोग कशाला म्हणतात हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

लोकांमध्ये काय दिसले?

कोणी म्हणेल, रेणूंचे राहू द्या. फ्लेव्होनॉइड खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो हे सिद्ध झाले आहे ना? १९९३ साली नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या आहारात दिवसाला सरासरी सुमारे २६ मिलिग्रॅम फ्लेव्होनॉइड होते, त्यातले निम्म्याहून अधिक चहातून. पाच वर्षांच्या पाहणीत सर्वांत जास्त फ्लेव्होनॉइड घेणाऱ्या गटात हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत कमी घेणाऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी आढळले. या विषयाला जी भरती आली, तिचा उगम बराचसा इथे आहे.

पण त्याच संशोधकांपैकी काहींनी वेल्समधल्या केरफिली गावाचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा असा फायदा दिसला नाही. तिथेही फ्लेव्होनॉइड मुख्यतः चहातूनच येत होते. वेल्समध्ये आपल्यासारखा दूध घालून चहा पितात. दुधामुळे शोषण अडत असेल, असा एक तर्क झाला. २००१ साली तो तपासला गेला, तर दूध घातल्याने चहातल्या क्वेर्सेटिन गटाच्या संयुगांचे शोषण घटत नाही असे आढळले. आपल्या चहाच्या कपाला त्यामुळे दोष देता येत नाही. दुसरी शक्यता अधिक साधी आहे. कोणत्या समाजात चहा कोण पितो, तो धूम्रपान किती करतो, त्याचे उत्पन्न काय, या गोष्टी चहाबरोबर गुंतलेल्या असतात. दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एक दुसरीला चालवते असे होत नाही.

अखेर २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने ऑरॅकचा तक्ता मागे घेतला. नळीतल्या आकड्यांवरून माणसाच्या आरोग्यावरील परिणाम ठरत नाही याचा पुरावा वाढत चालला आहे आणि उत्पादक या आकड्यांचा गैरवापर करतात, अशी कारणे खात्यानेच दिली. स्वतःचा तक्ता मागे घेणे सोपे नसते. ते खात्याने केले याची नोंद घ्यायला हवी. प्रसिद्ध झालेला आकडा मात्र मागे घेतल्याने पुसला जात नाही, हे आपले तक्ते आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या सांगतात.

मग फ्लेव्होनॉइड निरुपयोगी?

नाही. इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. मी टीका करतो आहे ती एका स्पष्टीकरणावर. कोकोमधल्या फ्लेव्हॅनॉल गटाच्या फ्लेव्होनॉइडांमुळे रक्तवाहिन्या अधिक चांगल्या प्रसरण पावतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली दिवसाला २०० मिलिग्रॅम फ्लेव्हॅनॉलांबाबत असा दावा मान्य केला. पण त्यामागची यंत्रणा मुक्तमूलक टिपून खाण्याची दिसत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या नायट्रिक ऑक्साइड या संदेशवाहक रेणूशी तिचा संबंध दिसतो. संदेश देण्यासाठी थोडे रेणू पुरतात. तिथे एकास तीनशे हा हिशेब आड येत नाही. टोपीवाल्या रेणूंची आणि जीवाणूंनी केलेल्या तुकड्यांची स्वतःची कामे असू शकतात. आजचे संशोधन त्याच दिशेने चालले आहे.

तरीही शेवटचा शब्द माणसांवरच्या चाचणीचा. कोको अर्कातून रोज ५०० मिलिग्रॅम फ्लेव्हॅनॉल देऊन २१,४४२ प्रौढांवर केलेल्या अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या एकूण घटनांत निर्णायक घट दिसली नाही. या विकारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी होते. मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘सिद्ध नाही’, दुय्यम प्रश्नाचे ‘आशादायक’. हे असेच सांगायला हवे.

‘नाही झाला फायदा, तरी तोटा काय?’ हा प्रश्न पालक विचारतात. तोटा होऊ शकतो. बीटा-कॅरोटिन हे फ्लेव्होनॉइड नाही, पण तेही अँटिऑक्सिडंट म्हणूनच गाजले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले, तेव्हा त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांतून एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट हा फ्लेव्होनॉइड रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक पोटात गेल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसतात, असे युरोपच्या त्याच प्राधिकरणाने २०१८ साली नोंदवले. कपातला चहा आणि गोळीतला अर्क यांत फरक आहे. फळे-भाज्या खाव्यात याला भरपूर आधार आहे. त्या आधाराचा दाखला देऊन गोळ्या विकता येत नाहीत.

वर्गासाठी

परमँगनेटचा प्रयोग बंद करा, असे मी म्हणणार नाही. त्यात दोन नळ्या वाढवा: एक मोहरच्या क्षाराची, एक कोमट ऑक्झॅलिक आम्लाची. ऑक्झॅलिक आम्ल शिक्षकांनी स्वतः हाताळावे. त्या नळ्यांचा रंग उडाला, की मुलांना विचारा, ‘हेही हृदयाला चांगले का?’ तक्त्यावरचे पहिले वाक्य बदलून लिहू द्या: ‘या अर्कात परमँगनेटचे क्षपण करणारे पदार्थ आहेत.’ दुसरे वाक्य काढून तिथे प्रश्न लिहू द्या: ‘यातले किती शोषले जाते? कोणत्या रूपात? किती वेळ टिकते? माणसांवर तपासले आहे का?’ तक्ता कमी झगमगीत दिसेल, पण खरा असेल. आणि परीक्षकांनी अशा तक्त्याला गुण कमी देऊ नयेत, ही विनंती मी स्वतःसकट सर्वांना करतो.

ती मुलगी आता कुठल्या वर्गात आहे, मला माहीत नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: नाही. अर्क रक्तात असाच जात नाही. वाटेत त्याचे रूप बदलते, प्रमाण घटते, आणि त्याने तिथे जाऊन काही केलेच, तर ते बहुधा नळीत केले त्यापेक्षा वेगळे असते.